मी भाजलेली मिश्री

यंदा हिला वाचा फुटली, असं आई सगळ्या चाळीला सांगत सुटलीय. खोटं नाही ते. आठवीपर्यंत मी हजेरीला 'हजर'सुद्धा इतकं हळू म्हणायचे की बाई गैरहजेरी मांडून पुढे जायच्या. नववीत कर्णिकबाईंनी मला ओढून वक्तृत्वाला उभं केलं. विषय होता 'व्यसनांचा विळखा'. स्टेजवर गेले, पहिलं वाक्य कसंबसं बाहेर पडलं आणि मग मी थांबेचना. बिडीने फुप्फुसाची कशी चाळण होते ते मी हात हलवून असं काही सांगितलं की पुढच्या रांगेतल्या एका परीक्षकांनी खिशातून डोकावणारं सिगरेटचं पाकीट बोटाने आत ढकललं. हे मी स्टेजवरून स्वतः बघितलं. कल्याणच्या सगळ्या शाळांत माझा पहिला नंबर आला. बाबांनी तो कप कपाटावर बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवलाय.

तेव्हापासून मी सगळीकडे बोलते. नळावर बोलते, रेशनच्या रांगेत बोलते, रिक्षावाल्याशी भांडते. चाळीतली पोरं मला लाउडस्पीकर म्हणतात. म्हणू देत.

आता सांगणार आहे ते मात्र मोठ्याने सांगण्यासारखं नाही.

कल्याणजवळच्या मोहने गावात, आमच्या चाळीत, आमच्यापासून तिसऱ्या खोलीत मंजुळा राहते. लोकांसमोर मी तिला वहिनी म्हणते, कारण तिचा नवरा आनंदादादा बाबांबरोबर कंपनीत कामाला आहे. दोघीच असलो की ती मंजी आणि मी संघी. संघमित्रा हे माझं पूर्ण नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर आणि आता कपावर आहे. मंजी खडवलीची. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मी अजून मुकी होते. तिनेच एकदा नळावर माझी कळशी उचलून माझ्या कमरेवर ठेवली आणि म्हणाली, "तू बोलत नायस ना, बरं झालं. मला कुणीतरी ऐकणारं पायजेच होतं."

तिने मला दोन वर्षं सगळं ऐकवलं. खडवलीची नदी, तिच्या भावाने पळवलेली बैलगाडी, आनंदादादा पहिल्या रात्री किती घाबरला होता ते. मला वाचा फुटली ती कर्णिकबाईंमुळे, असं सगळे म्हणतात. पण आधी दोन वर्षं माझ्यात शब्द भरायचं काम मंजीने केलं होतं.

तर मंजीला दिवस गेले. आणि मंजी मिश्री लावते.

मिश्री आमच्याकडे सगळ्याच बायका लावतात. तंबाखूचा चुरा तव्यावर काळाकुट्ट होईस्तोवर भाजायचा, हाताने चुरायचा, फडक्यातून गाळायचा आणि डबीत भरायचा. सकाळी बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायचा. नवीन बाईला गरगरतं, सवयीच्या बाईला त्याशिवाय दिवस सुरू होत नाही. आई लावते. मंजीची सासू, मनुमावशी, मिश्री लावत नाहीत कारण त्यांना दात उरलेले नाहीत. त्या पानातून तंबाखू खातात. मंजीला तिच्या आजीने लहानपणीच दाढ दुखते म्हणून बोटभर लावली होती, तेव्हापासूनची सवय.

पोटुशी झाल्यावर तिला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि मिश्री वाढली. मिश्री घासली की ओकारी दबते, भूकही दबते, म्हणायची. पण भाजतानाचा धूर तिला अजिबात सहन होईना. त्यांच्या खोलीत मनुमावशींच्या दम्यामुळे तसाही धूर चालत नाही. मग काम माझ्याकडे आलं. शाळेतून आले की आई कामावरून यायच्या आत मी स्टोव्ह पेटवायचे, नाकाला ओढणी बांधायचे आणि भाजायचे. मंजी दाराबाहेर उंबऱ्यापलीकडे बसून हुकूम सोडायची.

"करपवू नको हां. करपली की कडू लागते."

"करपवायचीच असते ना गं?"

"भाजायची असते. करपवणं वेगळं, भाजणं वेगळं. तुला सासरी कोण ठेवणार देव जाणे."

"मी सासरी जाणारच नाही. मी भाषणं करत फिरणार."

"फिर. भाषण खाऊन पोट भरतंय का बघ."

मला ते काम आवडायचं, हे खरं आहे. मंजीसाठी काहीतरी करतेय असं वाटायचं. बिडीवर एवढं मोठं भाषण पाठ केलं होतं मी, पण हातातल्या तव्यावर तंबाखूच आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तंबाखू म्हणजे बाप्ये खातात ती, चुना लावून, तळहातावर मळून. ही तर मिश्री. ती दात घासायची वस्तू.

सातवा लागला तेव्हा मंजीला कल्याणच्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं. आनंदादादाची दिवसपाळी होती, मनुमावशींना जिना चढवत नाही, म्हणून बरोबर मी. शाळेला दांडी मारायला मिळाली म्हणून मी खुशीत होते. रिक्षात मी तिला माझं अख्खं भाषण पुन्हा ऐकवलं. रिक्षावाल्याने मधेच विझलेली बिडी कानावरून काढून बाहेर टाकली आणि मंजी पदर तोंडात कोंबून हसली.

दवाखान्यात एक सिस्टर टेबलाशी बसून सगळ्यांची माहिती घेत होत्या. मंजी परक्या माणसासमोर गेली की डोक्यावर पदर घेऊन खाली बघते, तोंडातून अक्षर काढत नाही. म्हणून मीच सुरू झाले.

"नाव?"

"मंजुळा आनंदा गायकवाड."

"तू मंजुळा का?"

"नाही, मी हिची नणंद."

"मग हिला जीभ नाही?"

"आहे ना, पण लाजते. तुम्ही मला विचारा."

सिस्टर हसल्या. जेवण काय करते, विचारलं. मी भाकरी, डाळ, पालेभाजी आणि रविवारी मटण सांगितलं. मटण मी माझ्या पदरचं घातलं.

"काही व्यसन? तंबाखू, बिडी?"

"छे छे. ती कशाला तंबाखू खाईल?" मी म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी पुढे म्हणाले, "सिस्टर, मी व्यसनांवरच भाषण करते. कल्याणमध्ये पहिला नंबर आलाय माझा."

"अरे वा," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या.

मग त्यांनी मंजीला झोपवून पोटावर टेप लावला. एकदा मोजलं, जरा थांबून परत मोजलं. म्हणाल्या, "महिन्याच्या मानाने लहान वाटतंय. चार घास जास्त खात जा. गोळ्या देते त्या चुकवू नको."

मंजी बाकावर बसून चपला शोधत होती आणि मी औषधांच्या खिडकीवर लाल गोळ्या घेत होते. आमच्या मागची बाई सिस्टरांसमोर बसली. तिलाही तोच प्रश्न. ती बाई भोळेपणाने म्हणाली, "तंबाखू नाय बा. दात घासायला मिश्री लावते तेवढीच."

"तेवढीच?" सिस्टरांचा आवाज चढला. "अगं, तंबाखूच ती. भाजली म्हणून काय साखर झाली? हिरडीतून रक्तात जाते, रक्तातून बाळाला. बाळं वाढत नाहीत तुमची त्याने. वेळेच्या आधी येतात, चिमणीएवढी, आणि मग रडत बसता इथं येऊन. कधी सोडणार?"

गोळ्यांची पुडी माझ्या हातात होती. सिस्टर माझ्यापासून दहा पावलांवर होत्या. नुसतं वळायचं होतं आणि म्हणायचं होतं, सिस्टर, मघाशी मी चुकीचं सांगितलं, हीसुद्धा लावते. पण त्या बाईला सगळ्या रांगेदेखत झापताना मी बघत होते. मी बक्षीसवाली. 'अरे वा' म्हणाल्या होत्या त्या मला. मी मंजीचा हात धरला आणि जिना उतरले.

येताना रिक्षात मी गप्प होते.

"काय गं," मंजी म्हणाली, "रेडिओचे सेल गेले वाटतं."

"डोकं दुखतंय."

"एवढं बोलशील तर दुखणारच." आणि ती बाहेर बघत बसली.

घरी मनुमावशींनी विचारलं, काय म्हणाले दवाखान्यात. मंजी म्हणाली, बाळ लहान आहे म्हणतात. मनुमावशी उलट खूश झाल्या. "बरंच हाय की. लहान असलं का सुटका सोपी होते. आनंदा माझा एवढा दांडगा होता, मी मरता मरता वाचले."

संध्याकाळी मंजी तंबाखूची पुडी घेऊन आमच्या दारात आली. "संघे, तवा ठेव."

आणि मी ठेवला. सगळं कळल्यावर, त्याच दिवशी, मी भाजली. हे कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आई भाकऱ्या थापत असताना मी विचारलं, "आई, मिश्रीने बाळ लहान होतं म्हणे. खरं का?"

"कोण म्हणतं?"

"दवाखान्यातल्या सिस्टर."

"त्यांना काय, बोलायचा पगार असतो. तुझ्या वेळेला मी लावतच होते की. झालीस ना चांगली?"

"वर्गात सगळ्यात बुटकी मीच आहे."

"बुटकी असलीस तरी तोंड उंटाएवढं आहे."

मी हसले. आणि हसता हसता, बोलायच्या ओघात, माझ्या तोंडून गेलं, "आणि विश्रामच्या वेळेला?"

विश्राम माझ्या आधीचा. तो आठवडाभरसुद्धा जगला नाही. त्याचं नाव आमच्या घरात वर्षातून एकदाही निघत नाही. आईचा हात परातीत पिठावरच राहिला. भाकरी तव्यावर फुगली, मग करपायला लागली, तरी ती उलथेना. मग म्हणाली, "पाणी तापलंय. आंघोळीला जा."

त्या दिवशी शाळेत माझं कशात लक्ष लागलं नाही. मला कळून चुकलं होतं की मंजीला ही गोष्ट सांगायची तर ती एकट्या मंजीला सांगता येणार नाही. खोल्याखोल्यांमधून ती आईपर्यंत पोचणार, आणि अजून कुणाकुणाचं काय काय झालं असेल त्यांच्यापर्यंत. शिवाय मंजी काय म्हणेल? काल शेंबूड पुसायला शिकलीस आणि मला शिकवतेस? माझ्याशी बोलायची बंद झाली तर? सिस्टरांना मी खोटं सांगितलं हे कळलं तर? मला हे शेवटचं सगळ्यात जास्त टोचत होतं. हे कबूल करायला लाज वाटते, कारण बाळाचं सगळ्यात जास्त टोचायला हवं होतं.

मग मी एक शक्कल काढली. त्या वेळी मला ती फार हुशारीची वाटली.

आमच्या घरी काळं मंजन असतं, कोळशाचं. दिसायला अगदी मिश्रीसारखं. मी मंजीच्या मिश्रीत ते मिसळायला लागले. आधी थोडंसं, मग निम्मं. हळूहळू तिची सवय सुटेल, तिला कळणारसुद्धा नाही, बाळ वाढेल, कुणी कुणाला काही बोलायला नको. मी स्वतःवर इतकी खूश झाले की गणिताच्या तासाला मनातल्या मनात हसत होते.

मंजी दोन दिवसांनी म्हणाली, "त्या दुकानदाराने जुनी तंबाखू दिली वाटतं. चढतच नाय."

"उन्हाळ्यात असंच होतं," मी म्हणाले. कुठून सुचलं मला?

आणि ती जास्त वेळा लावायला लागली. आधी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी लावायची. आता जेव्हा बघावं तेव्हा मोरीपाशी, तोंडात बोट. डबी चार दिवस पुरायची ती दोन दिवसांत संपू लागली. मी अजून मंजन घालायचे, ती अजून लावायची. तिच्या पोटात किती जात होतं देव जाणे. शेवटी तिने माझ्यावरचा भरवसा सोडला. मिश्री भाजायच्या बाबतीत, म्हणजे.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी चाळीत शिरले तर मंजीच्या दारात बायकांची गर्दी. मी दप्तर तिथंच टाकून आत घुसले. मंजी भिंतीला टेकून बसली होती, चेहरा चुन्यासारखा पांढरा, केस ओले. कुणीतरी पाणी मारलं होतं. मनुमावशी बाहेरून आलेल्या दिसत होत्या, त्यांना दम लागला होता, तरी पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. "उनाने चक्कर आली बाई. कितीदा सांगितलं, दुपारचं भायेर जाऊ नको." खोलीत ठसका लागावा असा वास भरला होता. स्टोव्ह विझवलेला, आणि फरशीवर उलटा पडलेला तवा. काळा चुरा सगळीकडे. कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. तवा तर सगळ्यांच्याच घरी असतो.

मनुमावशी बाहेर असताना मंजीने दुसऱ्या दुकानातून आणवलेली तंबाखू स्वतः भाजायला घेतली होती, आणि तो धूर तिच्या डोक्यात गेला होता.

बायका गेल्या. मनुमावशी गुळाचं पाणी करायला उठल्या. मंजीने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

"संघे, हलत नाय गं."

"काय हलत नाही?"

"बाळ. सकाळी लाथा मारत होतं. आता किती वेळ झाला, नुसतं गप हाय."

आठवीतल्यासारखी मुकी झाले मी. तिला डाव्या कुशीवर झोपवलं, कारण दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात बाई तशी झोपली होती, एवढंच मला आठवलं. गुळाचं पाणी पाजलं. मग तिच्या पोटावर हात ठेवून बसले. मनुमावशींनी आनंदादादाला निरोप पाठवायला कुणालातरी पिटाळलं आणि दाराशी बसून बुद्धं सरणं म्हणायला लागल्या, दमा लागल्यामुळे मधेच तुटत. मी मनात काय काय म्हणत होते ते लिहिता येणार नाही. एकच आठवतं, की मी त्या बाळाला सांगत होते, मी सगळं सांगेन, सगळ्यांना सांगेन, पण तू हल.

बराच वेळ झाला. मग माझ्या तळव्याखाली काहीतरी सरकलं, मासा वळतो तसं. मग जोरात एक ढुशी.

मंजी रडायला लागली. मी तिच्या आधीच सुरू झाले होते.

मनुमावशी नाक पुसत निरोप परत फिरवायला बाहेर गेल्या. खोलीत आम्ही दोघीच. मी म्हणाले, "मंजे, मी तुझ्या मिश्रीत मंजन घालत होते."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

"कोळशाचं. तुझी सुटावी म्हणून. सिस्टर म्हणालेल्या ना, मिश्री म्हणजे तंबाखूच, बाळ लहान होतं त्याने. तू चपला घालत होतीस तेव्हा. त्या दुसऱ्या बाईला सांगितलं त्यांनी. आणि आपल्याला विचारलं तेव्हा मीच नाही म्हणाले होते. मला खरंच माहीत नव्हतं गं तेव्हा. पण नंतर कळलं तरी गप्प बसले."

मंजी कुशीवर तशीच पडून होती. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"ती बाई ओरडत होती एवढी. मी काय बहिरी हाय?"

"मग?"

"मग काय?" ती वळली, कोपरावर जोर देऊन उठून बसली. "मी रिक्षात तुझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं संघी शिकलेली हाय. भाषण करते. रिक्षावाल्याची बिडी टाकायला लावते. एवढं वाईट असतं तर संघी गप बसली असती का? तू काय बोलली नायस. घरी आलो, मी मुद्दाम पुडी घेऊन आले तुझ्या दारात. म्हटलं आता बोलेल. तू तवा ठेवलास."

मी फरशीवरचा काळा चुरा बोटाने गोळा करायला लागले.

"मला वाटलं, असेल थोडंफार, दवाखान्यातले बोलतात तसं. तू भाजून देतीस म्हणजे चालत असणार. आणि तू माझ्या तोंडात कोळसा भरत होतीस."

"तुला राग येईल वाटलं."

"येईलच की. मी काय देवी हाय? मी दोन शिव्या दिल्या असत्या, तुझ्या झिंज्या धरल्या असत्या. तेवढ्याला घाबरलीस? स्टेजवर एवढी माणसं असतात त्यांना घाबरत नायस."

"ती माणसं माझी कुणी नसतात," मी म्हणाले.

ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "आता बोल. सगळं बोल. किती वाईट हाय?"

"मला सगळं माहीत नाही. खरंच. मी भाषणात फुप्फुसाचं सांगते, बाळाचं मला त्या दिवशीच कळलं."

"मग ज्याला माहीत हाय त्याच्याकडे चल."

सोमवारी आम्ही परत गेलो. आनंदादादा पाळी बदलून येणार होता, पण मंजी म्हणाली, संघीच पाहिजे. सिस्टरांना मी उभ्या उभ्या सांगितलं, की त्या दिवशी मी चुकीची माहिती दिली. माझे कान तापले होते. त्या मला झापतील म्हणून मी तयारीत होते, पण त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंही नाही. त्या मंजीकडे बघत होत्या.

"दिवसातून किती वेळा लावतेस?"

मंजीने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी जीभ दातांखाली दाबून धरली. मागच्या बायका चुळबुळ करायला लागल्या.

"मोजली नाय बाई," मंजी म्हणाली. पदर डोक्यावर होता, पण आवाज ऐकू येण्यासारखा होता. "आधी तीनदा. आता उठलं की, जेवलं की, भूक लागली की. मळमळलं की."

मग ती बोलतच राहिली. दाढ कधीपासून दुखते, घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरेल ते खाते, तेव्हा भूक दबलेली बरी पडते. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आणि मी सांगून मोकळी झाले होते, रविवारी मटण.

सिस्टरांनी पुन्हा टेप लावला, नळी लावून ठोके ऐकले, डॉक्टरबाईंना बोलावलं. बाळाचं काय, असं मंजीने स्वतः विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ठोके चांगले आहेत. लहान आहे ते आहे. गेलेले महिने मला परत आणता येणार नाहीत. आजपासून सोड, म्हणजे उरलेले दिवस तरी त्याला पुरते मिळतील." दाढेसाठी त्यांनी चिठ्ठी दिली. आनंदादादाला पुढच्या वेळी घेऊन यायला सांगितलं, जेवणाचं त्याच्याशीच बोलते म्हणाल्या.

घरी आल्यावर मंजीने डबी माझ्याकडे दिली. मी ती मोरीत ओतली. मंजन मिसळलेली होती, फेकायला जीव जाण्यासारखी नव्हती.

पहिला दिवस ती माझ्याशी छान बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिचं डोकं ठणकायला लागलं. तिने मनुमावशींना उलट उत्तर दिलं, आनंदादादावर डबा भिरकावला. संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली. आई अजून कामावरून आली नव्हती.

"तुझ्या आईची डबी कुठे असते?"

"माहीत नाही."

"फळीवर असते. मला माहीत हाय. एक बोट दे."

"नाही."

"अगं, एक बोट. शेवटचं. माझं डोकं फुटतंय."

"नाही देणार, मंजे."

तिने मला शिव्या घातल्या. खडवलीच्या शिव्या, मी आधी कधी ऐकल्या नव्हत्या अशा. माझ्या कपावरून बोलली, माझ्या बुटकेपणावरून बोलली, बाजूच्या खोलीतल्या बायका बाहेर येईपर्यंत बोलली. म्हणाली, बाळ माझं, तू कोण? मी फळीखाली उभी होते आणि हात मागे बांधले होते. तिला ढकलून डबी घेता आली असती. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे ती. तिने घेतली नाही.

मग ती उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून बसली. घरी गेली नाही.

मी डॉक्टरबाईंनी मिश्रीऐवजी चघळायला सांगितलेला भाजलेला ओवा वाटीत घालून तिच्या शेजारी ठेवला. तिने तोंडात टाकला, थू करून थुंकली, पुन्हा टाकला. चाळीत दिवे लागले. खालून आई येताना दिसली. ती वर आली, मंजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता मंजीला ओलांडून आत गेली. फळीवरची आपली डबी तिने उचलली. जरा वेळ हातात धरून उभी राहिली. मग पुढच्या खोलीतून नेऊन मागे कुठेतरी, माझी नजर पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवली. फेकली नाही. मी विचारलंही नाही.

"बाळ हलतंय?" मी मंजीला विचारलं.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, मागे न बघता, "हलतंय."

आठवा लागायला अजून थोडे दिवस आहेत. मी दररोज संध्याकाळी विचारते. ती दररोज आधी शिवी देते.